‘देव मानतोस का?’ : आस्तिक, नास्तिक आणि अज्ञेयवादी यांतून निवड करताना

मराठीत हा प्रश्न हमखास एकाच क्रियापदाने विचारला जातो : देव मानतोस का? घोळ तिथूनच सुरू होतो. आपण वडीलधाऱ्यांना मानतो, लग्नात मानपान करतो, एखाद्या गवयाला मानतो आणि गणितात ‘क्ष = ५ मानू’ असंही म्हणतो. आदर, रिवाज आणि गृहीतक ही तिन्ही कामं हा एकच शब्द करतो. म्हणून सासुरवाडीला आरतीत टाळ्या वाजवणारा जावई ‘मानतो’ ठरतो आणि कीर्तनात डोळे पुसणारा पण एकादशी न धरणारा माणूस ‘फारसं मानत नाही’ ठरतो.

निवड करायची तर आधी या एका प्रश्नाचे दोन करावे लागतात. पहिला : देव आहे की नाही हे तुला ठाऊक आहे का? दुसरा : ठाऊक असो वा नसो, तो आहे असं धरून तू चालतोस का? आस्तिक आणि नास्तिक ही दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं आहेत, अज्ञेयवाद हे पहिल्याचं. ‘मला सिद्ध करता येणार नाही, पण माझी श्रद्धा आहे’ म्हणणारा वारकरी हा अज्ञेयवादी आस्तिक असतो. ‘छातीठोक सांगता येणार नाही, पण नाहीच असं धरून जगतो’ म्हणणारा हा अज्ञेयवादी नास्तिक. या आढाव्यात ‘अज्ञेयवादी’ हा शब्द तिसऱ्यासाठी वापरला आहे : पहिल्या प्रश्नाचं उत्तर ज्याला ‘ठाऊक नाही’ असंच येतं, आणि म्हणून दुसऱ्याचं कायमचं, सरसकट उत्तर द्यायला जो तयार नाही. माझं पारडं याच बाजूला झुकतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

शब्दांची झाडझूड

जुन्या दर्शनांत, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरांत, ‘आस्तिक’ म्हणजे देव मानणारा असा अर्थच नव्हता. वेदांचं प्रामाण्य मानतो तो आस्तिक, वेदांची निंदा करतो तो नास्तिक, अशी मनुस्मृतीची व्याख्या. त्या मापाने सांख्य आणि पूर्वमीमांसा ही आस्तिक दर्शनं होतात. पण सांख्यसूत्रं सरळ म्हणतात की ईश्वर सिद्ध होत नाही, आणि मीमांसकांचे यज्ञ जग निर्माण करणाऱ्या ईश्वराशिवाय व्यवस्थित चालतात. आजोबांच्या पिढीतला संस्कृत जाणणारा माणूस आणि कॉलेजात जाणारी नात यांचा वाद कधीकधी तासभर चालतो आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

‘अज्ञेयवादा’चीही अशीच गंमत आहे. अज्ञेय म्हणजे जे जाणताच येणार नाही. अज्ञात म्हणजे जे अजून जाणलेलं नाही. पहिलं हे मोठं विधान आहे, कारण माणसाच्या बुद्धीची हद्द कुठे संपते हे ठाऊक असल्याशिवाय ते करताच येत नाही. स्वतःला अज्ञेयवादी म्हणवणारे बहुतेक मराठी लोक खरं तर ‘अज्ञातवादी’ असतात. शब्द रुळला नाही एवढंच. ‘अॅग्नॉस्टिक’ हा इंग्रजी शब्द जीवशास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सले याने १८६९ मध्ये घडवला, आणि त्याला त्यात सिद्धान्तापेक्षा शिस्त अभिप्रेत होती : पुरावा जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत जा, आणि जे दाखवता येत नाही ते पक्कं ठाऊक असल्याचा आव आणू नका. आपल्याकडे ही भूमिका आणणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) ठळक. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या वाचनातून ते तिथे पोचले. जोतीराव फुले मात्र तिथे नव्हते. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढणाऱ्या फुल्यांचा ‘निर्मिक’, म्हणजे जग निर्माण करणारा, होता. त्यांना नको होता तो मधला दलाल. फुले, आगरकर यांना एकाच ओळीत ‘नास्तिक’ म्हणून बसवणारी भाषणं ऐकली की हा फरक आठवावा.

कोणत्या देवाबद्दल बोलतो आहोत?

निवड करताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. ‘देव’ या शब्दाखाली निदान तीन वेगळे दावे असतात आणि तिघांना एकच उत्तर लागू पडत नाही.

पहिला दावा नवसाला पावणाऱ्या देवाचा. मागितलं की जगात काहीतरी बदलतं, असं तो सांगतो. हा दावा तपासता येतो, आणि तपासलाही गेला आहे. अमेरिकेतल्या ६ रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली पण ज्यांना ते नक्की ठाऊक नव्हतं, त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही, त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आणि ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे’ असं ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्क्यांना. यातून देव नाही असं सिद्ध होत नाही. मागणीबरहुकूम काम करणारा देव या तपासणीत दिसला नाही, इतकंच म्हणता येतं. आणि तेवढं मात्र ठामपणे म्हणावं.

कुंडलीचंही असंच. ती देवाच्याच खात्यावर खपते, म्हणून इथे घेतो. २००८ साली महाराष्ट्रात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते कळवलं. ४६ टक्के उत्तरं बरोबर निघाली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० पाहिल्या, तिची ५१ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण हेच आलं असतं. अशा जागी ‘काय सांगावं, असेलही’ म्हणणं हा अज्ञेयवाद नव्हे, ती भिडस्त माणसाची पळवाट आहे. पुरावा समोर असताना ‘ठाऊक नाही’ म्हणायची सोय कुणालाच नाही.

दुसरा दावा सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि परम दयाळू देवाचा. त्याला मोठा अडथळा दुःखाचा आहे. भूकंपात दगावणाऱ्या तान्ह्या मुलाचा हिशेब तीन विशेषणं एकत्र ठेवून लागत नाही. एक तरी सोडावं लागतं. कर्मसिद्धान्त इथे मदतीला येतो, पण मग फळ कर्मच देत असेल तर देवाचं काम काय, हा प्रश्न मागच्या दाराने आत शिरतो. या दाव्याबाबत नास्तिकाची बाजू मला वरचढ वाटते, निर्णायक वाटत नाही.

तिसरा दावा जगाच्या मुळाशी असलेल्या कारणाचा : निर्मिक, ब्रह्म, नाव काहीही द्या. तो सकाळी उठून काही मागत नाही, रागावत नाही, प्रयोगात सापडत नाही आणि चुकतही नाही. इथे येऊन दोन्ही बाजूंची शस्त्रं बोथट होतात. माझा अज्ञेयवाद मुख्यतः या तिसऱ्या जागेपुरता आहे. पहिल्या जागेवर अज्ञेयवादी माणूस नास्तिकासारखाच बोलला पाहिजे, नाहीतर त्याने हक्सलेचं नाव घेऊ नये.

दोन्हीकडचे वकील

आस्तिकाचा सर्वांत तयारीचा वकील न्यायदर्शनात, म्हणजे तर्काच्या जुन्या परंपरेत, आहे. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ईश्वरासाठी जी मांडणी केली तिचा कणा असा : घडा हे कार्य आहे, त्याला कुंभार हा कर्ता असतो, पृथ्वी हेही कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता हवा. ऐकायला बिनतोड. पण नैयायिकांचीच, म्हणजे न्यायदर्शनवाल्यांचीच, अट लावून पाहा. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, कारण स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी आपण पुन्हा पुन्हा बरोबर पाहिलेले असतात. याला ते व्याप्ती म्हणतात. कुंभार-घड्याची जोडी हजारदा पाहिलेली आहे. विश्व आणि त्याचा कर्ता ही जोडी एकदाही नाही, कारण विश्वच एक आहे. व्याप्ती कुठून आणायची? तुटते ती कडी ही.

आस्तिकाची दुसरी बाजू जास्त भक्कम आहे आणि ती युक्तिवादाची नाहीच. भक्ताला अनुभव येतो. तो खोटं बोलत नसतो. अडचण अशी की पंढरपूरला येणारा अनुभव विठ्ठलाचा असतो, जुन्या गोव्यात सायबाचा (सेंट फ्रान्सिस झेवियरचा) आणि अजमेरला ख्वाजांचा. अनुभव खरा असू शकतो आणि त्याखाली लिहिलेलं नाव चुकीचं असू शकतं. ज्याला असा अनुभव आहे आणि त्याने ज्याचं वागणं सुधारलं आहे, त्याने या लेखाखातर तो सोडू नये. ज्याला नाही, त्याने तो असल्याचा आव आणू नये.

नास्तिकाचा हुकमी मुद्दा सिद्धतेच्या ओझ्याचा. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं उदाहरण प्रसिद्ध आहे : पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चिनी मातीची किटली सूर्याभोवती फिरते आहे आणि ती इतकी लहान आहे की दुर्बिणीतून दिसत नाही, असं कुणी म्हटलं, तर ते खोडता येत नाही म्हणून खरं मानायचं का? अर्थातच नाही. नवसाच्या देवाबाबत हा मुद्दा चपखल बसतो. पण मूळ कारणाच्या प्रश्नाला किटली पुरत नाही. किटल्या कुठे बनतात, त्या आकाशात आपोआप का जात नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण हसतो. ‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे’ या प्रश्नाला अशी पार्श्वभूमीच नाही. विश्वं कशी बनतात याचा कुठलाही कारखाना आपण पाहिलेला नाही. उदयनाचार्यांचं जिथे अडतं, तिथेच नास्तिकाचंही अडतं.

अज्ञेयवाद्याची वंशावळ कुणी विचारली तर ती विलायतेपासून सुरू करायची गरज नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, नासदीय, सात ऋचांचं आहे. शेवटच्या ऋचेत, या सृष्टीचा जो परम आकाशातला अध्यक्ष आहे त्याला हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ऋषी थांबतो. देवाच्या ज्ञानावरच प्रश्नचिन्ह, तेही वेदात. बुद्धाने जग शाश्वत आहे की नाही अशा दहा प्रश्नांना उत्तर देणं नाकारलं आणि बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला : बाण कुणी मारला, धनुष्य कशाचं होतं, हे कळल्याखेरीज तो काढू देणार नाही म्हणणारा आधी मरेल. पण याच वंशात संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक पूर्वजही आहे. ‘परलोक आहे असं मी म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही, दोन्ही नाही असंही म्हणत नाही...’ अशी त्याची उत्तरं बौद्ध ग्रंथांत नोंदलेली आहेत, आणि अशा बोलण्याला तिथे हातातून निसटणाऱ्या मासोळीची उपमा आहे. बुद्ध आणि संजय यांच्यातला फरक ध्यानात ठेवण्याजोगा. एक जण प्रश्न बाजूला ठेवून बाण काढायला लागला. दुसरा नुसता तळ्यात-मळ्यात करत राहिला.

भीतीचा सौदा

पुष्कळ लोकांचा निर्णय यांपैकी कुठल्याच युक्तिवादावर होत नाही. तो ‘असला तर असू दे, आपलं काय जातं?’ या एका वाक्यावर होतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये गणितज्ञ पास्कालने हाच सौदा गणिती भाषेत मांडला : देव असेल आणि मानलात तर लाभ अनंत, नसेल तर तोटा किरकोळ, तेव्हा मानून टाका. आपल्याकडे सत्यनारायणाची पोथी हेच गोष्टीतून सांगते. कलावती प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावली आणि किनाऱ्याला लागलेली नाव नवऱ्यासकट बुडाली. परत येऊन प्रसाद घेतल्यावर सगळं पूर्ववत. सव्वाच्या मापाचा शिरा तळहातावर पडताना हातातलं काम टाकून उभे राहतात, त्यामागे चवीइतकीच कलावतीही असते.

सौदा फसतो तो दोन ठिकाणी. देव एकच असेल तर हिशेब जमतो. पण एकाला मानल्याने दुसरा कोपणार असेल तर अनंत लाभ आणि अनंत तोटा आमनेसामने येतात आणि बेरीज लागत नाही. शिवाय ‘आपलं काय जातं’ हे खरं नसतं. मुहूर्तासाठी पुढे ढकललेली शस्त्रक्रिया, ग्रहशांतीसाठी काढलेलं कर्ज, मूल होत नाही म्हणून डॉक्टरऐवजी बाबाकडे गेलेली तीन वर्षं, हे सगळं जातं. प्रसाद घ्यायला हरकत काहीच नाही. तो भीतीने घेतला की शिऱ्यासाठी घेतला, एवढं स्वतःशी ओळखलं म्हणजे झालं.

याच्या उलट अज्ञेयवाद्यावर येणारा खरा आक्षेप अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सचा आहे. १८९६ मध्ये त्याने मांडलं की काही निवडी टाळताच येत नाहीत. न निवडणं हीही एक निवड असते. गाडी सुटतेय, चढू की नको याचा विचार करत फलाटावर उभा राहिलेला माणूस शेवटी चढलेला नसतो. हा आक्षेप मला पूर्णपणे परतवता येत नाही. अर्धा मात्र येतो : देवाच्या बाबतीत एकच गाडी नसते. बारसं, मुंज, लग्न, आजारपण, तेरावा, अशा पन्नास छोट्या गाड्या असतात आणि प्रत्येकीचा निर्णय वेगळा करता येतो. अज्ञेयवाद निवडणाऱ्याला हे पन्नास निर्णय करावे लागतात. आस्तिकाला आणि नास्तिकाला ते तयार मिळतात. कष्टाचा विचार केला तर तिघांत महाग पर्याय हाच.

घरातल्या पन्नास गाड्या

गणपतीचं घ्या. घरच्या पूजेत सगळ्या गोष्टी सारख्या वजनाच्या नसतात. सजावट, मोदक, आरती, आल्यागेल्यांची ऊठबस यांत भाग घेताना तोंडाने कुठलाच दावा करावा लागत नाही. संकल्पाचं तसं नाही. यजमान पाटावर बसतो, पळीत पाणी घेतो, स्वतःचं गोत्र-नाव उच्चारून ‘श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं... करिष्ये’ म्हणतो आणि उदक ताम्हनात सोडतो. हे प्रथमपुरुषी, स्वतःच्या नावाने केलेलं विधान आहे. माझ्या मते अज्ञेयवाद्याने रेष इथे ओढावी : आरतीला उभं राहावं, मोदक वळावेत, मूर्ती आणावी, पण यजमान म्हणून पाटावर ज्याची श्रद्धा आहे त्याला बसवावं. घरात तशी बहीण, भाऊ, आई कुणीतरी असतंच. ‘मुलीने बसलेलं चालत नाही’ असं कुणी म्हणालं तर तो वेगळा वाद आहे आणि तो घालावा.

नास्तिकाला ही कसरत नको असते. तो सरळ मागे बसतो किंवा गावालाच जातो. त्यात सुटसुटीतपणा आहे, किंमतही आहे. दहा दिवसांत नात्यांची जी डागडुजी होते, तीत तो नसतो. आस्तिकाला काहीच करावं लागत नाही, पण दीड दिवसाचा गणपती एकदा पाच दिवसांचा केला की कमी करायला त्याचा हात धजत नाही. रिवाज वाढवणं सोपं, उतरवणं अवघड.

दहाव्याला जास्त कठीण जातं. पिंड ठेवलेला, सगळे लांब उभे, आणि कावळा शिवत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन मेलेल्या माणसाला मोठ्याने सांगतं, ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू.’ तरीही नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. परंपरेनेच पर्यायी व्यवस्था ठेवली आहे, याकडे फार कमी लोक बघतात. कावळ्याच्या वागण्यातून मृताची इच्छा कळते हा पहिल्या जातीचा, तपासता येणारा दावा आहे. घाटावर आधीच पिंडांनी पोट भरलेले कावळे सावकाश येतात, यात गूढ नाही. पण ते वचन, चारचौघांत, मोठ्याने दिलेलं, त्याची किंमत कावळ्यावर अवलंबून नसते. अज्ञेयवाद्याने घाटावर वाद काढू नये. विधी कुणी करायचे, किती करायचे, हे माणूस जिवंत असताना बोलून ठेवावं. अंत्यविधीचा वाद नेहमी उरलेल्या दोन भावांत होतो, आणि गेलेल्याचं मत काय होतं हे दोघंही वेगळं सांगतात.

कागदपत्रं

इथे मात्र तीन भूमिकांतला फरक लोकांना वाटतो त्याहून कमी आहे. हिंदू कायद्याच्या दृष्टीने तुमचं मत काय याला फारसा अर्थ नाही. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेला माणूस हिंदू विवाह कायद्याखाली येतो, मग तो कट्टर नास्तिक का असेना. धर्म सांगायचाच अशी सक्ती मात्र नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं की कोणत्याही धर्माचा नसल्याचं सांगण्याचा अधिकार संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात येतो. २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींपैकी सुमारे २९ लाख लोकांची नोंद ‘धर्म सांगितला नाही’ अशी झाली. एक सावधगिरी : अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशानुसार हिंदू आणि नंतर जोडलेल्या शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) धर्मीयांपुरताच आहे. अशा घरातल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरचा धर्माचा रकाना तत्त्वासाठी कोरा ठेवण्याआधी जातपडताळणीचं काम करणाऱ्या वकिलाशी बोलावं. तत्त्व आईबापाचं आणि अडचण मुलाची, असं होऊ नये.

लग्नात सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘आम्हाला विधी नकोत, नुसतं रजिस्टर करू’ असं म्हणून जोडपी हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायला जातात. तो कायदा नोंदणीने लग्न लावत नाही. रूढीप्रमाणे झालेल्या लग्नाची नोंद करतो. विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. विधीशिवाय लग्न हवं असेल तर वाट १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची : दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य हवं, मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, ती फलकावर लागते, हरकतींसाठी ३० दिवस, त्यानंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या आणि एकमेकांचा स्वीकार. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत हे उरकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हॉलची तारीख आधी आणि नोटीस नंतर, ही चूक दर मोसमात कुणीतरी करतंच. वारसाहक्काबद्दल विचारायला विसरू नये : या कायद्याने लग्न केलं की भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो, पण दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे होत नाही. सत्यशोधक पद्धतीने लग्न लावणाऱ्यांनीही शंकेला जागा नको म्हणून याच कायद्याखाली सही करावी. तामिळनाडूने १९६७ मध्ये पुरोहिताशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी हिंदू विवाह कायद्यात खास कलम घातलं, महाराष्ट्रात तसं कलम नाही.

शपथेचं सोपं आहे. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ हे दोन्ही पर्याय दिलेले आहेत, आणि १९६९ चा शपथ कायदा साक्षीदारालाही तीच मुभा देतो. गीतेवर हात ठेवणं सिनेमात राहिलं. प्रतिज्ञा घेतली म्हणून साक्षीचं वजन कमी होत नाही, आणि खोटं बोलल्याची शिक्षा दोघांना सारखीच.

मृत्यूनंतर देह कुणाला, हे तिघांनाही लागू आहे, पण नास्तिक आणि अज्ञेयवादी देहदानाचा विचार जास्त करतात आणि अर्धवट करतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो, त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही घेतात. अर्ज भरून कपाटात ठेवला की झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवशी नातेवाईकांनीच फोन करायचा असतो. मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि देह सहा ते आठ तासांत पोचणं बरं. शवविच्छेदन झालेला, अपघाताचा पोलीस केस असलेला किंवा एचआयव्ही, कावीळ ब यांसारखा संसर्ग असलेला देह घेत नाहीत. म्हणून दुसरी सोय लिहून ठेवावी : देह नाकारला तर विद्युतदाहिनी की आणखी काही. नेत्रदान त्याआड येत नाही. त्यासाठी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. पंखा बहुतेक घरांत चालूच राहतो.

कुणाला काय जमेल

ज्याचा स्वभाव समुदायात फुलतो, ज्याला नामस्मरणाने रात्री झोप लागते आणि ज्याची श्रद्धा दुसऱ्याच्या खिशात हात घालत नाही, त्याने आस्तिक राहण्यात मला काही वावगं दिसत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचीही भूमिका देवधर्माला विरोध अशी नाही, त्यांच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला विरोध अशी आहे. ज्याला देवाच्या नावाने घरात मारहाण, सोवळ्याचा छळ, पैशाची लूट सोसावी लागली आहे, त्याला नास्तिकपणाची स्पष्ट भिंत उपयोगी पडते. अशा माणसाला ‘पण तुला खात्रीने कसं ठाऊक?’ असं विचारत बसणं निर्दयपणाचं आहे. अज्ञेयवाद जमतो तो ज्याला उत्तर अर्धवट ठेवून झोपता येतं त्याला. ज्याला दर संकटात एक बाजू घ्यावीशी वाटते, त्याला तो जमत नाही. तो आयसीयूच्या बाहेर आस्तिक होतो, बिल भरताना नास्तिक आणि दोन्ही वेळी स्वतःवर चिडतो. तसं झालं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाहेरच्या खुर्चीत बसून केलेल्या धाव्याला मत म्हणून मोजू नये, आणि तो ऐकला गेल्याचा पुरावा म्हणूनही नाही.

मराठीत तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणायलाही ‘देव जाणे’ म्हणतात, तेव्हा भाषेकडून फार मदतीची अपेक्षा ठेवू नये.

परीक्षा होते ती पाच-सहा वर्षांच्या मुलासमोर. देव आहे का, असं ते विचारतं. आस्तिक ‘आहे’ म्हणतो, नास्तिक ‘नाही’ म्हणतो, दोघांचं काम एका शब्दात होतं. अज्ञेयवाद्याने सांगावं : मला ठाऊक नाही, आजीला वाटतं आहे, मावशीला वाटतं नाही, दोघींना विचार का वाटतं ते. मूल एवढ्यावर खूश असतं. न कळणाऱ्या गोष्टी त्याच्याकडे आधीच भरपूर असतात. त्याचा पुढचा प्रश्न मात्र नेमका असतो : ‘मग आपण नमस्कार का करतो?’ इथे ‘ठाऊक नाही’ चालत नाही. हा दुसरा प्रश्न आहे, मानण्याचा, आणि याचं उत्तर ज्याचं त्याने देवघरासमोर उभं राहण्याआधी तयार ठेवावं : आजीसाठी करतो, किंवा मला शांत वाटतं म्हणून करतो, किंवा मी करत नाही, तुला हवा तर कर.